वही कोणाच्या हातात आहे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरी चोरी झाली तर फिर्याद कोण देतो? ज्याचे गेले तो. मारामारी झाली तर ज्याला लागले तो. पण एक गुन्हा असा आहे की ज्याच्यावर अन्याय झाला तो लपत फिरतो आणि ज्याने केला तो पोलीस चौकीत जाऊन खुर्चीवर बसतो आणि सांगतो, "साहेब, माझे पैसे घेऊन माणूस पळाला." साहेबही लगेच विचारतात, किती पैसे? माणसाला का पळावे लागले, हे विचारायचे राहूनच जाते. वेठबिगारीबद्दल आम्ही बोलतो आहोत.

हा विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे काहींच्या मनात आलेच असेल. कर्जाचा विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत नाही तर कुठे काढायचा? आपल्याकडे येण्याआधी मात्र शेजारी जाऊन येऊ. शेजाऱ्याच्या घरातले वाकडे माणसाला लवकर दिसते. ते एकदा दिसले की आपल्या घरातलेही ओळखू येते.

आधी नेपाळ. आपल्या उत्तर प्रदेशाला लागून नेपाळची तराई आहे. सपाट, पाणथळ, भाताची जमीन. तिथे थारू नावाचा आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या जंगल तोडून शेती करत आला. मलेरियामुळे बाहेरचा माणूस तिकडे टिकत नसे. १९५० नंतर फवारणी झाली, मलेरिया हटला आणि डोंगरातले शिकलेसवरलेले लोक खाली उतरले. थारूंकडे जमीन होती, कागद नव्हता. आलेल्यांकडे कागद करण्याची अक्कल होती आणि कचेरीत ओळख होती. पाहता पाहता जमिनीचा धनी त्याच जमिनीवर गडी झाला. या गड्याला तिथे कमैया म्हणतात. दांग, बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हे पश्चिम तराईचे पाच जिल्हे त्याचे घर.

कमैयाचा करार माघीला, म्हणजे आपल्या संक्रांतीला व्हायचा. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, तसाच. वर्षाचे धान्य ठरायचे आणि मागची बाकी पुढच्या वर्षात ओढली जायची. त्या बाकीला सौंकी म्हणत. मालक बदलायचा असेल तर नवा मालक जुन्या मालकाची सौंकी भरणार, म्हणजे बैल विकावा तसा माणूस एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाणार. आणि कमैयाने आपली मुलगी मालकाच्या किंवा शहरातल्या त्याच्या नातेवाइकांच्या घरी भांडी घासायला पाठवायची. तिला कमलरी म्हणत. आठ-नऊ वर्षांच्या पोरी असायच्या.

हे मोडले कसे ते ऐका. २००० साली नेपाळ सरकारने शेतमजुरीचा किमान दर दिवसाला ६० रुपये ठरवला. त्याच वर्षी १ मे रोजी कैलाली जिल्ह्यातल्या गेटा गावच्या १९ कमैयांनी अर्ज दिला की आम्हाला किमान मजुरी द्या आणि या कर्जातून सोडवा. ज्याच्याविरुद्ध अर्ज दिला तो माजी मंत्री होता. एकोणीस माणसांचा तो अर्ज, पण बघता बघता जिल्ह्याजिल्ह्यात कचेऱ्यांपुढे धरणी बसली, लोक काठमांडूपर्यंत गेले. अडीच महिन्यांत, १७ जुलै २००० रोजी सरकारला जाहीर करावे लागले की कमैया पद्धत रद्द, सौंकी रद्द. पुढे २००२ मध्ये कायदाही झाला.

एवढ्यावर वर्तमानपत्रातली बातमी संपते. खरे काम पुढे होते. घोषणा जुलैतली, म्हणजे ऐन पावसाळा. मालकांनी काय केले? "तू मोकळा ना? मग माझ्या जागेतली झोपडी मोकळी कर." हजारो कुटुंबे प्लास्टिक बांधून रस्त्याच्या कडेला आणि जंगलाच्या काठाला बसली. गुन्हा सरकारने कबूल केला, पण शिक्षा भोगली ज्याच्यावर गुन्हा झाला त्याने. मग पुनर्वसन आले, म्हणजे कार्डे आली. लाल कार्ड, निळे कार्ड, पिवळे कार्ड, पांढरे कार्ड. रेशनच्या दुकानापुढे उभे राहिलेल्या माणसाला हा रंगांचा खेळ समजावून सांगायला नको. ज्याच्या नावावर दोन-चार कठ्ठे सापडले त्याला पिवळे किंवा पांढरे कार्ड, म्हणजे जमीन नाही. ज्यांना मिळाली त्यांना जास्तीत जास्त ५ कठ्ठे, आपल्या हिशेबाने सुमारे १७ गुंठे. तीही कित्येकांना नदीकाठची, पुरात जाणारी. सरकारी नोंदीत २७,००० हून जास्त कुटुंबे आली आणि त्यांतली कित्येक वर्षानुवर्षे शिबिरातच राहिली.

आणखी एक गोष्ट नेपाळकडून घेण्यासारखी आहे. सरकारने कमैया हे नाव रद्द केले. पण डोंगरात नांगर हाकणारा बांधील गडी होता त्याचे नाव हलिया. तो म्हणाला, मी कमैया नव्हे, मग माझे काय? त्याची सुटका जाहीर व्हायला २००८ उजाडले. कमलरीची पद्धत बंद झाल्याचे सरकारने २०१३ मध्ये सांगितले. पूर्व तराईतले हरुवा-चरुवा, म्हणजे नांगरे आणि गुराखी, यांच्या मुक्तीची घोषणा २०२२ च्या जुलैमध्ये झाली. गुन्हा एकच. नावे चार, म्हणून मुक्तीला बावीस वर्षे.

त्यांतली एक कमलरी शांता चौधरी. आठव्या वर्षी कामाला लागली, अठरा वर्षे राबली. २००८ मध्ये ती नेपाळच्या संविधान सभेत निवडून आली.

आता दुसऱ्या शेजाऱ्याकडे जाऊ. पाकिस्तानचे नाव काढले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आपल्याच कलेक्टर-मामलेदारांच्या राज्यात. तिथे जमीन कसणाऱ्याला हारी म्हणतात. दक्षिण सिंधमधल्या सांघर, मीरपूरखास, उमरकोट, बदीन या भागांत तो बहुतेक भिल्ल, कोळी किंवा मेघवाड असतो. पीक निम्मेनिम. कागदावर पाहिले तर आपल्या अर्धेलीसारखे. पण बियाणे, खत, नांगरट, आजारपणाचा पैसा, लग्नाचा पैसा, खायचे धान्य हे सगळे जमीनदाराच्या वहीत हारीच्या नावावर चढते. वही लिहितो जमीनदाराचा कारभारी. त्याला तिथे कामदार म्हणतात. हारीला वाचता येत नाही. सुगी झाली की कामदार वाचून दाखवतो, तेवढा हिशेब. निम्मे पीक त्या वहीत जाते आणि वर बाकी राहते.

त्यातून कोणी पळाला तर? १९९० च्या दशकात सिंधमध्ये जमीनदारांच्या खासगी तुरुंगांतून हजारो हारी सोडवले गेले. तुरुंग म्हणजे कुंपण, कुलूप, बंदूकवाला राखणदार आणि आत बायकापोरांसह माणसे, दिवसा शेतात आणि रात्री कुलपात. पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाचे लोक (हा आयोग सरकारी नाही, वकील-कार्यकर्त्यांनी चालवलेला आहे) कोर्टात अर्ज करत, कोर्ट पोलीस पाठवी आणि माणसे बाहेर येत. एक हारी १९९६ मध्ये असा सुटला. १९९८ मध्ये त्याचे आईबाप, बायको, मुले, भाऊ अशा नऊ जणांना पळवून नेले. तो माणूस हैदराबादच्या प्रेस क्लबसमोर वर्षानुवर्षे उपोषणाला बसला. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली ती २००५ नंतर.

आणि २००२ मध्ये सिंध उच्च न्यायालयाने हाऱ्यांचे अर्ज एकदम निकालात काढले. कारण काय? तर हा जमीनदार आणि कूळ यांच्यातला हिशेबाचा तंटा आहे, तो १९५० च्या कुळकायद्याखालच्या अधिकाऱ्यापुढे न्या. भावांनो, या एका वाक्यात सगळे आले. कुलूप लावून माणूस कोंडला हा फौजदारी गुन्हा. तो एका ओळीत हिशेबाचा तंटा झाला. हिशेबाचा तंटा म्हटले की वही लागते. आणि वही कामदाराकडे!

न्यायालयाला दुसरे काही सुचलेच नसते असे मात्र नाही. १९८८ मध्ये त्याच देशात पंजाबच्या वीटभट्टीवरच्या मजुरांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना तार केली. कोर्टाने सोडवलेल्या आमच्या माणसांना मालकांनी पुन्हा पळवले आहे, आम्हाला वाचवा, अशा अर्थाची. वकील नाही, स्टँप नाही, साधी तार. न्यायालयाने तिलाच अर्ज मानले, भट्टीवाल्यांना बोलावले आणि सांगितले की यापुढे पेशगी, म्हणजे आपली उचल, आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त द्यायची नाही आणि तीही पावती करून द्यायची. आठवड्याच्या मजुरीएवढ्या उचलीत माणूस अडकत नाही. पुढे १९९२ मध्ये तिथे कायदा झाला आणि मागची सगळी पेशगी रद्द ठरली. आपल्याकडच्या पंजाबात आणि त्यांच्याकडच्या पंजाबात भट्टी तीच, विटा थापणाऱ्याला दोन्हीकडे पथेराच म्हणतात, मधला दलाल दोन्हीकडे जमादारच, आणि पेशगी हा शब्दही तोच. सरहद्दीवर एवढी तारेची कुंपणे घातली, पण या एका बाबतीत दोन्ही देशांत अजिबात मतभेद नाही.

सिंधमधलीच कृष्णाकुमारी कोहली. लहानपणी आईबापांसकट उमरकोटच्या एका जमीनदाराच्या खासगी तुरुंगात सुमारे तीन वर्षे होती. २०१८ मध्ये ती पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून गेली. तिची आणि शांता चौधरीची गोष्ट ऐकून लोक टाळ्या वाजवतात. आम्हीही वाजवल्या. पण या दोघी पुढे आल्या त्या त्यांच्या हिमतीवर, कायद्याने त्यांना वेळेवर सोडवले म्हणून नव्हे.

आता आपल्या घरी येऊ.

आपला कायदा सर्वांत आधीचा आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम आणि १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा. तो वाचला तर माणूस थक्क होतो. त्यात वेठबिगारीच्या सुमारे तीस प्रकारांची नावे दिली आहेत. त्यात हारी आहे, हरवाई आहे, कमिया आहे. म्हणजे शेजाऱ्यांकडे आता पाहिले त्यांचीच सख्खी-चुलत भावंडे आपल्या कायद्याच्या यादीत बसलेली आहेत. सालगडी आणि उचल हे शब्द यादीत नाहीत, पण यादी उदाहरणादाखल आहे. नाव काहीही असो, आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाची दुसरीकडे काम करण्याची किंवा हिंडण्याफिरण्याची मोकळीक गेली, किंवा त्याला किमान मजुरीपेक्षा कमी मिळाले, तर ती वेठबिगारी. किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम घेणे ही सक्तीची मजुरीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे.

त्या कायद्याचे पंधरावे कलम लिहून घ्या. कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. मजुराने वही आणायची नाही, मालकाने आणायची. १९८३ मध्ये फरीदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच आणखी पुढे नेले. माणसाला सक्तीने राबवले जाते आहे एवढे दिसले की त्यामागे आगाऊ पैसा आहे असेच धरायचे. सिंधच्या न्यायालयाला २००२ मध्ये जे दिसले नाही ते आपल्या न्यायालयाला १९८३ मध्ये दिसले होते. आणि १९८४ मध्ये त्याने हेही म्हटले की सोडवलेल्या माणसाचे पुनर्वसन केले नाही तर सोडवण्याला अर्थ नाही. कैलालीतल्या प्लास्टिकच्या झोपड्यांच्या सोळा वर्षे आधी!

मग अडले कुठे? कायदा ज्याच्या हातात दिला तिथे. सोडवणार कलेक्टर, खटला चालवायचे अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदार-प्रांताला. वेठबिगार सापडला म्हणजे आपल्या हद्दीत इतकी वर्षे तो होता, हे त्यांनीच कबूल करायचे. मग सगळ्यांत सोपे काय? हा उसनवारीचा तंटा आहे, दिवाणी कोर्टात जा. भाषा ओळखीची वाटते ना? शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. १९७६ चे दोन हजार. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत मजुराला पुनर्वसनाचे एक ते तीन लाख ठरवले, पण ती मोठी रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली. खटला दहा वर्षे रेंगाळला तर तोपर्यंत तो काय खाणार? पुन्हा उचल.

महाराष्ट्रात हे नवे नाही. ठाणे जिल्ह्यातला वारली लग्नाला पैसे घेई आणि नवराबायको दोघे सावकाराच्या दारात बांधले जात. लग्नगडी म्हणत त्यांना. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या बरोबर वारली उठले आणि त्यांनी वेठ मोडली. त्याच जिल्ह्यात १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला पुन्हा वेठबिगार सोडवावे लागले. आणि २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातून कातकऱ्यांची लहान मुले थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला नेल्याचे उघड झाले, ते एका दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेल्यावर. कमलरी नेपाळातच असते असे नाही.

आता उसाच्या फडाकडे या. इथे आपल्यातले पुष्कळजण फडाचे मालक आहेत, काही ट्रॅक्टरचे मालक आहेत, आणि बीड-जालन्याकडच्या भावांच्या घरातले कोणी ना कोणी कोयता घेऊन जाते. एक हिशेब मांडू. आकडे सोपे धरले आहेत, आपापल्या गावचे घालून पाहा. समजा, एका कोयत्याने, म्हणजे एका जोडप्याने, एक लाख उचल घेतली. टनाला साडेतीनशे रुपये धरू. दिवसाला दोघांनी दोन टन तोडला तर सातशे. हंगाम १२० दिवसांचा. त्यात दहा दिवस बाई आजारी, पोर तापलेले किंवा पाऊस. राहिले ११० दिवस, झाले ७७,००० रुपये. उचलीचे २३,००० राहिले. पण न तोडलेल्या दिवसाचा खाडा लागतो, दिवसाला ५०० धरा, दहा दिवसांचे ५,०००. बाकी २८,०००. आणि फडावर खायला काय? आठवड्याला हजार खर्ची, सतरा आठवड्यांचे १७,०००. बाकी ४५,०००. चार महिने दोन माणसे अंधारात उठून ऊस तोडतात आणि पंचेचाळीस हजारांचे देणे घेऊन घरी येतात. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. सौंकी आणि याच्यात फरक कोणी सांगावा.

उचल देणे हा गुन्हा नाही, हे स्पष्ट बोलू. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल हीच त्यांची बँक आहे, ती बंद करा म्हणणे सोपे आहे. फिटेपर्यंत माणूस अडकवणे, त्याचे पोर किंवा बैल ठेवून घेणे, आजारपणावर दंड लावणे, हा गुन्हा आहे. आणि दुसरी बाजूही आहे. मुकादम लाखो रुपये घेऊन बेपत्ता होतो आणि ट्रॅक्टरचे हप्ते डोक्यावर असलेला वाहनमालक बुडतो. तोही बहुतेक शेतकऱ्याचाच मुलगा. त्याची फसवणूक खरी आहे, त्याने फिर्याद जरूर द्यावी, मुकादमावर द्यावी. पण त्या पैशासाठी टोळीतले एखादे जोडपे गाडीत घालून आणायचे आणि कोंडायचे, हे सांघरच्या जमीनदाराचे काम झाले.

आपण बँकेला विचारतो की व्याजावर व्याज कसे चढवले, खातेउतारा दाखव. हा प्रश्न विचारण्याची ताकद आपल्यात आली कारण आपण वही मागायला शिकलो. कोयत्याने आपली वही मागितली तर त्याला "माजला" म्हणायचे नाही. आपल्या सालगड्याने मागितली तरीही नाही. आमचे म्हणणे असे की ज्या गावात आपली शाखा आहे तिथे उचलीची चिठ्ठी दोन प्रतींत व्हावी, एक मजुराच्या घरी राहावी आणि तीवर खाड्याचा दंड लिहिलेला नसावा. याला पैसा लागत नाही. विरोध होईल, आणि तो आपल्याच बाकांवरून होईल. त्या विरोधाला आज इथे तोंड द्यायचे म्हणूनच हा विषय घेतला.

दुसरे काम कचेरीतले. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतील. त्याआधी प्रत्येक तालुका शाखेने प्रांत कचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. प्रश्न तीनच. १९७६ च्या कायद्याखालची दक्षता समिती आपल्या उपविभागात नेमलेली आहे का, सभासद कोण? गेल्या पाच वर्षांत ती कधी कधी बसली, इतिवृत्ताच्या नकला द्या. आणि या मुदतीत किती मुक्तीची प्रमाणपत्रे दिली? तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. आलेली उत्तरे, आणि न आलेल्यांची पोचपावती, पुढच्या जिल्हा बैठकीला बरोबर आणा. सगळ्या तालुक्यांचे कागद एकत्र करून ते कलेक्टरपुढे न्यायचे आहेत. कोणत्या तालुक्याचा अर्ज कोण लिहिणार, ती नावे आता उठण्याआधी घेऊ.